जेलीफिश : बहार दिसतो, झाड दिसत नाही

नागपूरच्या एका पालकांनी विचारलं आहे : "दिवाळीच्या सुट्टीत तारकर्लीला गेलो होतो. वाळूवर पडलेल्या जेलीफिशला नववीतल्या मुलीनं बोट लावलं. ती मेलेली होती, तरी बोट बराच वेळ चुरचुरत होतं. आता घरी रोज प्रश्न सुरू आहेत. मेलेला प्राणी डंख कसा मारतो? मेंदूच नाही तर त्याला कळतं कसं? एक जेलीफिश अमर असते म्हणतात, ते खरं का? आणि हे सगळं बघायला दर वेळी समुद्रच गाठावा लागेल का?"

मी नागपुरात बरीच वर्षं प्राणिशास्त्र शिकवते, त्यातही अपृष्ठवंशीय प्राणी. आमच्याकडच्या मुलांची जेलीफिशशी पहिली भेट होते ती प्रॅक्टिकलच्या टेबलावर, फॉर्मॅलिनच्या बरणीतल्या पांढुरक्या, आक्रसलेल्या ऑरेलिया नावाच्या जेलीफिशशी. समुद्र बघायच्या आधीच बहुतेकांनी तिची आकृती काढून भागांना नावं दिलेली असतात. त्या बरणीनं एक नुकसान होतं. जेलीफिश म्हणजे वर छत्री आणि खाली लोंबणारे धागे, एवढंच डोक्यात बसतं. पुस्तकात पुढच्याच पानावर जीवनचक्र असतं, ते मार्कांपुरतं पाठ होतं आणि परीक्षेनंतर विसरलं जातं. माझ्या मते खरी गंमत त्या पानावर आहे. म्हणून तुमच्या प्रश्नांचा क्रम थोडा बदलते.

तुम्ही वाळूवर बघितलीत ती छत्री, म्हणजे मेड्युसा, हा या प्राण्याच्या आयुष्याचा एक टप्पा आहे. पुष्कळ जातींमध्ये तर थोड्या महिन्यांचा. ऑरेलियाचंच घ्या. नर-मादी वेगळे असतात. अंडी फलित झाली की त्यातून डोळ्यांना जेमतेम दिसेल असा, केसाळ, लांबट प्लॅन्युला बाहेर पडतो. तो थोडा पोहतो आणि एखाद्या दगडाच्या, शिंपल्याच्या किंवा जेटीच्या खालच्या बाजूला जाऊन चिकटतो. तिथे त्याचा पॉलिप होतो : दोन-तीन मिलिमीटरचा देठ, वर तोंड, तोंडाभोवती बारीक शुंडकं, म्हणजे भक्ष्य पकडणारे धागे. हा पॉलिप वर्षानुवर्षं जगू शकतो. त्याला कळ्या फुटतात, त्यातून हुबेहूब तसेच पॉलिप होतात, दगडाचा आख्खा तळ ते व्यापून टाकतात. आणि मग योग्य वेळ आली की पॉलिपच्या अंगावर आडव्या खाचा पडू लागतात, एकावर एक चकत्या तयार होतात आणि वरून एकेक चकती सुटून पोहत निघते. आठ हातांची ही चिमुकली चकती म्हणजे एफिरा. ती वाढली की तुमच्या ओळखीची जेलीफिश.

काटोल-वरूडकडच्या संत्रा बागायतदाराला हे सांगायला मला कधी वेळ लागत नाही. झाड बारमाही बागेत उभं असतं, बहार मात्र ठरावीक वेळीच फुटतो, आणि अंबिया बहार यायचा तर आधी हिवाळ्यात झाडाला ताण बसावा लागतो. पॉलिप म्हणजे झाड, जेलीफिश म्हणजे बहार. ऑरेलियाच्या पॉलिपलाही थंडीचा ताणच लागतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असं दिसलं, की पाणी थंड असेपर्यंत पॉलिपमध्ये एका विशिष्ट जनुकाची हालचाल दिवसेंदिवस वाढत जाते आणि ती पुरेशी साठली की चकत्या पडायला लागतात. म्हणजे दोन दिवसांच्या थंडीला पॉलिप फसत नाही, तो थंडीचे दिवस मोजतो. उष्ण समुद्रातल्या जातींचं गणित अर्थातच वेगळं. कॅसिओपिया नावाच्या जेलीफिशच्या पॉलिपला ऊब लागते, शिवाय अंगात एकपेशीय शेवाळ शिरल्याशिवाय तो चकती सोडतच नाही.

पॉलिप आणि छत्री हे एकाच प्राण्याचे अवतार आहेत, हे माणसाला कळायलाही वेळ लागला. नॉर्वेतले मायकेल सार्स हे पेशानं धर्मोपदेशक, पण हाताला समुद्र लागलेला. १८२९ साली त्यांनी पॉलिप आणि चकत्या पडलेला पॉलिप यांची दोन स्वतंत्र प्राणी म्हणून वर्णनं केली, नावंही वेगळी दिली. पुढे बघत राहिल्यावर त्यांच्याच लक्षात आलं की एकातून दुसरा होतो आणि दुसऱ्यातून जेलीफिश सुटते. ती जुनी नावं, स्किफिस्टोमा आणि स्ट्रोबिला, आजही आमच्या स्लाइड्सवर आहेत, फक्त आता ती टप्प्यांची नावं झाली आहेत.

हे समजलं की बातम्या वेगळ्या वाचता येतात. "अचानक लाखो जेलीफिश आल्या" असं छापून येतं. अचानक काही नसतं. तळाशी बाग आधीपासून असते, बहार एकदम फुटतो आणि वारा-प्रवाह त्याला एका जागी लोटतात. तमिळनाडूत कल्पाक्कमच्या अणुवीज केंद्राला समुद्राचं पाणी आत घेताना जेलीफिशच्या लोंढ्यांचा त्रास अनेकदा झाला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये फ्रान्समधल्या ग्रावलीनच्या केंद्रात पंपांच्या जाळ्या जेलीफिशनं तुंबल्या आणि चार अणुभट्ट्या बंद पडल्या. जपानजवळची नोमुरा जेलीफिश दोन मीटर रुंद आणि २०० किलोपर्यंत जड होते. २००९ साली तिनं भरलेलं जाळं ओढताना दहा टनी ट्रॉलर उलटला. यावरून "समुद्र आता जेलीफिशचाच" असा निष्कर्ष काढणारे लेख मला घाईचे वाटतात. २०१३ मध्ये जगभरच्या जुन्या नोंदी एकत्र करून पाहिल्या तेव्हा सुमारे वीस-वीस वर्षांचे चढ-उतार दिसले, एकाच दिशेची सरळ वाढ त्यामानानं किरकोळ होती. पण एक गोष्ट मात्र आपण नक्की केली आहे : जेटी, बंधारे, तेलाच्या विहिरींचे खांब. पॉलिपला चिकटायला सावलीची कठीण जागा हवी, ती आपण समुद्रभर बांधून देतो आहोत.

आता बोटाच्या चुरचुरीकडे.

जेलीफिशच्या शुंडकांवर दंशपेशी असतात. प्रत्येक पेशीत एक सूक्ष्म कुपी, कुपीत गुंडाळी करून ठेवलेली पोकळ, काटेरी नळी, आणि आत साधारण १५० वातावरणांइतका दाब. पेशीबाहेर एक बारीक केसासारखा खटका असतो. त्याला धक्का लागला, जोडीला भक्ष्याच्या अंगातल्या रसायनांची चाहूल लागली, की झाकण उघडतं आणि नळी उलटी होत बाहेर फेकली जाते. हायड्रा या जेलीफिशच्या गोड्या पाण्यातल्या नातेवाइकावर अतिवेगवान कॅमेऱ्यानं हे मोजलं गेलं आहे (२००६) : काटा सुटायला सुमारे ७०० नॅनोसेकंद, आणि त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या ५० लाख पटींहून जास्त. प्राणिसृष्टीतल्या सर्वात वेगवान हालचालींपैकी ही एक, आणि ती करणाऱ्याला स्नायू म्हणावेत असे स्नायूही धड नाहीत.

यातच तुमच्या मुलीच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. दाब आधीच भरून ठेवलेला, खटका त्याच पेशीवर. सुटायला प्राण्याच्या हुकमाची गरज नाही. जिवंत असताना प्राणी या पेशींना थोडाफार आवर घालतो, उदाहरणार्थ पोट भरलेला हायड्रा कमी काटे सोडतो. मेल्यावर आवर घालणारं कोणी नाही, पण भरलेल्या कुप्या शाबूत असतात. तुटून वाहत आलेला शुंडकाचा तुकडाही म्हणून चावतो. वाळूवर पडलेली जेलीफिश पायानं उडवायची नाही, काडीनं परतवून मग ती काडी हातात घ्यायची नाही.

पर्यटकांची किनाऱ्यावर सगळ्यात जास्त गाठ पडते ती मात्र खऱ्या जेलीफिशशी नसते. पावसाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, मुंबईच्या जुहूसारख्या किनाऱ्यांवर निळे फुगे येऊन पडतात, ते ब्ल्यू बॉटल. तो एक प्राणीच नाही, वसाहत आहे. एक घटक फुगा झालेला, काही घटक फक्त शिकार करणारे, काही फक्त पचवणारे, काही पुनरुत्पादनापुरते, आणि कोणालाच एकट्याला जगता येत नाही. फुग्यातल्या हवेत कार्बन मोनॉक्साइड असतो, तो ही वसाहत स्वतःच तयार करते. फुगा वाऱ्यावर शिडासारखा चालतो म्हणून नैऋत्येचा वारा सुटला की तो आपल्या किनाऱ्याला लागतो. मुलं फुगा समजून उचलतात आणि खाली लोंबणारा निळा दोरा मनगटाला गुंडाळला जातो.

डंख झालाच तर काय? चोळायचं नाही, वाळू तर मुळीच नाही. बाटलीतलं पिण्याचं पाणी ओतायचं नाही, कारण गोड्या पाण्यानं उरलेल्या कुप्या फुटतात. समुद्राच्याच पाण्यानं धुवायचं, चिकटलेले धागे चिमट्यानं किंवा कार्डाच्या कडेनं अलगद काढायचे, मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, वीसेक मिनिटं तो भाग बुडवून ठेवायचा. लघवीचा उपाय सोडून द्या, त्यात तथ्य नाही. व्हिनेगर पेटीच्या आकाराच्या बॉक्स जेलीफिशसाठी आहे. ब्ल्यू बॉटलसाठी ते वापरू नका असं ऑस्ट्रेलियातले मार्गदर्शक सांगतात, आणि या बाबतीत त्यांच्याएवढा अनुभव कोणाकडे नाही. श्वास लागला, छातीत दुखलं, उलट्या झाल्या, चेहऱ्यावर सूज आली, तर घरगुती काही न करता दवाखाना.

ऑस्ट्रेलियाचं नाव निघालंच आहे तर डॉ. जॅक बार्न्स यांच्याबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. केर्न्सजवळ पोहणाऱ्यांना काहीतरी चावायचं, कातडीवर खूण जेमतेम, पण अर्ध्या तासात भयंकर पाठदुखी, उलट्या, रक्तदाब चढलेला. कारण सापडेना. १९६१ साली बार्न्स यांना एक सेंटिमीटरभराची, जवळजवळ न दिसणारी बॉक्स जेलीफिश सापडली. संशय खरा का हे बघायला त्यांनी ती स्वतःला लावली, आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला लावली आणि एका जीवरक्षकालाही. तिघेही हॉस्पिटलात. तिघेही वाचले. त्या जेलीफिशला पुढे त्यांचंच नाव मिळालं, कारुकिया बार्नेसी. संशोधनाच्या कोणत्याही नैतिकता समितीपुढे आज हा प्रयोग दोन मिनिटंही टिकणार नाही, मुलाच्या आईपुढे तर नाहीच.

मेंदूचा प्रश्न मला जास्त आवडतो. "मेंदू नाही" हे खरं, पण त्याचा अर्थ "चेतासंस्था नाही" असा घेतला जातो, ते चूक. ऑरेलियाच्या छत्रीभर चेतापेशींचं जाळं पसरलेलं असतं आणि छत्रीच्या कडेला आठ ठिकाणी रोपॅलिया नावाची छोटी ठाणी असतात. त्यात प्रकाश कळण्याची सोय आणि अंग कलल्याचं सांगणारे खनिजाचे कण. छत्रीचे ठोके या ठाण्यांवरून सुटतात. १८७०च्या दशकात जॉर्ज रोमानेस यांनी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर हे कापून-कापून तपासलं. सगळी ठाणी काढली की छत्री थांबते, एक जरी ठेवलं तरी ठोके चालू राहतात. छत्री गोल-गोल चिरून तिची लांब पट्टी केली तरी आकुंचनाची लाट या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. एकाच जागी सगळा कारभार ठेवलेल्या प्राण्याला हे जमणार नाही. कासवानं अर्धी छत्री खाल्ली तरी उरलेली अर्धी पोहते, ती याच सोयीमुळे.

पोहण्यातही काटकसर आहे. छत्री मिटताना पाणी मागे ढकललं जातं, पण ती उघडते ती स्नायूंनी नाही, दोन पेशीथरांमधल्या जेलीच्या लवचिकपणानं. उघडताना खाली तयार होणारा भोवरा तिला फुकटात आणखी एक धक्का देतो. अंगात ९५ टक्के किंवा त्याहून जास्त पाणी, आणि वजनाच्या मानानं पोहण्याचा खर्च मोजलेल्या प्राण्यांमध्ये सर्वात कमी.

बॉक्स जेलीफिशनं तर सगळ्यांनाच चकित केलं आहे. ट्रिपेडेलिया नावाची, सेंटिमीटरभराची जात कॅरिबियन बेटांकडे खारफुटीच्या मुळांत राहते. तिच्या चार ठाण्यांवर प्रत्येकी सहा, असे चोवीस डोळे, त्यातल्या आठांना चक्क भिंग. ठाण्याच्या तळाशी जड खडा असल्यामुळे ती कशीही वळली तरी काही डोळे कायम आकाशाकडेच बघतात. पाण्यातून वर दिसणारा झाडांचा शेंडा हेरून ती मुळांकडे परत येते. २०२३ मध्ये कोपनहेगन आणि जर्मनीतल्या कीलच्या संशोधकांनी तिला करड्या पट्ट्या रंगवलेल्या गोल टाकीत सोडलं. फिकट पट्ट्या तिला लांबची मुळं वाटायच्या आणि ती भिंतीवर आपटायची. साडेसात मिनिटांत आपटणं निम्म्यावर आलं. एकेका ठाण्यात सुमारे हजार चेतापेशी, आणि तरी ती अनुभवावरून शिकली. २०१७ मध्ये कॅसिओपियाला रात्री झोप येते हेही दाखवलं गेलं. रात्री ठोके मंदावतात, खालचा आधार काढला तर सावरायला वेळ लागतो, आणि रात्रभर जागवलं तर दुसऱ्या दिवशी ती पेंगते. झोप मेंदूसाठी असते असं आम्ही वर्गात सरळ सांगायचो, आता जपून सांगतो.

अमरत्वाचं थोडक्यात. टुरिटॉप्सिस डोर्नी ही भूमध्य समुद्रात सापडलेली, अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा लहान जेलीफिश. उपासमार झाली, इजा झाली किंवा वय झालं की तिची छत्री आकसते, गोळा होऊन तळाला बसते आणि त्यातून पुन्हा पॉलिप उगवतो. स्नायूची पेशी आपलं काम सोडून दुसऱ्याच प्रकारची पेशी होते. इटलीतल्या संशोधकांनी १९९०च्या दशकात हे मांडलं. बहार गळून न पडता पुन्हा झाड व्हावा, असला हा प्रकार. पण अमर या शब्दावर फार जाऊ नका. मासा आला की तीही खाल्ली जाते, आजारानंही मरते. म्हातारपणानं मरण्याची सक्ती तिच्यावर नाही, एवढंच म्हणता येईल.

आता शेवटचा प्रश्न, आणि तो नागपूरकरांचा हक्काचा आहे. जेलीफिश गोड्या पाण्यातही असते. १८८० साली लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या महाकमळाच्या हौदात नखाएवढ्या जेलीफिश तरंगताना दिसल्या, तीच क्रास्पेडाकुस्टा. मूळची चीनमधल्या यांगत्सेच्या खोऱ्यातली, आता अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांवर, भारतातही. तिचा पॉलिप मिलिमीटरभराचा, शुंडकंसुद्धा नसलेला. तळ्यात तो वर्षानुवर्षं असतो आणि कोणाला पत्ता नसतो. मग एखाद्या उन्हाळ्यात पाणी पुरेसं तापलं की दोन-अडीच सेंटिमीटरच्या पारदर्शक छत्र्या शेकड्यांनी वर येतात, पुढच्या वर्षी एकही नाही. अनेक तळ्यांत तर सगळ्या नरच किंवा सगळ्या मादीच, कारण आख्खी फौज एका पॉलिपच्या कळ्यांपासून वाढलेली.

आपल्या महाराष्ट्राची स्वतःची गोष्टही आहे. आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरात लिम्नोक्निडा नावाची जेलीफिश माहीत होती आणि ती आफ्रिकेबाहेर नाही असं मानलं जाई. मूळचे मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर यांना, ते मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवत असताना, १९११-१२च्या सुमारास तिची बहीण सातारा जिल्ह्यातल्या कृष्णेच्या उपनद्यांत सापडली. प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी तिला लिम्नोक्निडा इंडिका हे नाव दिलं. आघारकर पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून नावाजले, पुण्यातली आघारकर संशोधन संस्था त्यांच्याच नावाची. आणि योगायोग असा की त्या संस्थेत हायड्रावर मोठं काम झालं आहे.

हायड्रा तुम्हाला घरी बघता येईल. हिवाळ्यात, पाणी थंड आणि स्वच्छ असताना, पाणवनस्पती असलेल्या एखाद्या तळ्यातून किंवा जुन्या कमळाच्या हौदातून बरणीभर पाणी आणा, जोडीला बुडालेली पानं आणि देठ. बरणी खिडकीशी ठेवा, पण थेट उन्हात नको, आणि हलवू नका. एक-दोन दिवसांनी काचेच्या उजेडाकडच्या बाजूला अर्ध्या-एक सेंटिमीटरचे बारीक, तपकिरी किंवा पांढरट धागे दिसतात का बघा, टोकाला पाच-सहा शुंडकं. धक्का दिला की ते आक्रसून ठिपका होतात. नाही मिळाले तर दुसऱ्या जागेचं पाणी. साधं दहापट भिंग पुरे. त्याच पाण्यातला एखादा उड्या मारणारा डॅफ्निया हा इवलासा जीव शुंडकाला लागला की जागीच थबकतो. त्या क्षणी वर सांगितलेल्या ७०० नॅनोसेकंदांच्या कुप्या सुटलेल्या असतात. माणसाच्या कातडीवर हायड्राचं काही चालत नाही, तेव्हा भीती नको. फक्त हायड्राला छत्री कधीच सुटत नाही. त्यानं बहार सोडूनच दिला, झाडच अंडी घालतं.

मुलगी नववीत आहे म्हणून आणखी एक सुचवते. १७४०च्या दशकात अब्राहम ट्रेंबले हे हॉलंडमध्ये एका घरी दोन मुलांची शिकवणी घेत होते. त्या मुलांना सोबत घेऊन त्यांनी हायड्राचे तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्यापासून पूर्ण प्राणी झालेला बघितला. तुम्ही शेजारी बसून नव्या ब्लेडनं एक हायड्रा आडवा कापा, दोन्ही तुकडे त्याच तळ्याच्या पाण्यात वेगळ्या वाटीत ठेवा आणि रोज चित्र काढायला सांगा. खालच्या तुकड्याला तीनेक दिवसांत नवी शुंडकं दिसू लागतात. नळाचं पाणी घालू नका, त्यातल्या क्लोरीननं ते मरतात.